काटा मागे फिरवायचा नाही

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली सकाळची पाळी संपवून ती घरी आली, तर दारातून धड आत शिरता येईना. दाराच्या आतच, अरुंद बोळात, मोटरसायकल उभी होती आणि गाडीच्या पोटाशी तिचा नवरा मांडी घालून बसला होता. उरलेल्या फटीतून ती अंग चोरून आत शिरली. "आलीस?" तो वर न बघता म्हणाला. नाही, अजून बसस्टॉपवरच आहे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दोन बस बदलून, वर शेवटचा चढ पायी चढून आलेल्या बाईकडे टोमणा मारण्याइतकं त्राण उरत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि तिथेच स्टुलावर बसून राहिली.

खरं तर गाडी बंद पडली नव्हती. इंजिनातून नुसता खडखड आवाज यायचा. तिच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. त्याने फोनवर आवाज ऐकला आणि सांगितलं, ताई, आतली टायमिंगची चेन सैल झालीय, पाठवून दे, उद्या घेऊन जा. हे नवऱ्याला झोंबलं. आत चाकं आणि दातेच ना, तो म्हणाला, माझा जन्म त्यातच गेलाय. तेही खोटं नव्हतं. तो घड्याळजी होता. नवी चेन आणून त्याने इंजिन उघडलं, चेन बदलली, झाकण लावलं, आणि तेव्हापासून या घराला चालती गाडी नव्हती.

किक मारली की इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं खोकायचं. कधी पायालाच असा झटका द्यायचं की तो पोटरी धरून खाली बसायचा. कधी चुकून सुरू झालंच तर गल्लीच्या टोकापर्यंत फटफट करत जायचं आणि चढ दिसला की मान टाकायचं. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, आज कुठपर्यंत गेली? मग तो गाडी ढकलत परत आणायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा सगळं तपासायचा आणि सगळं बरोबर निघायचं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, तेच कळत नव्हतं. किती वेळा उघडली, ते मोजणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

आणि त्याला चिडून तरी काय बोलणार? गाडी हे मूळ दुखणं नव्हतं. दुखणं जुनं होतं. मागच्या वर्षी एका निवृत्त मास्तरांचं घड्याळ त्याने दुरुस्त करून दिलं आणि ते परत आलं. पुन्हा दिलं, पुन्हा आलं. मास्तर शब्दानेही रागावले नाहीत, उलट "वय झालं, माझंही आणि घड्याळाचंही," असं म्हणून हसले. त्या हसण्याने तो खचला. घरी येऊन दिव्याखाली बोटं पसरून बघत बसला आणि म्हणाला, हात गेला माझा. महिन्याभरात दुकान बंद. गिऱ्हाईक कमी झालं होतं हे खरं, पण बंद केलं ते त्या बोटांपायी. तेव्हापासून तो घरात असायचा, म्हणजे नुसता असायचा.

इंजिन उघडलं त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर तजेला दिसला होता. म्हणून तीही गप्प बसली, बसचे धक्के खात राहिली. पण काल रात्रीच्या जेवणाआधी त्याने स्वतः तिच्या भावाला फोन लावला. ती भांडी विसळत होती. "उद्या संध्याकाळी टेम्पो आण आणि गाडी घेऊन जा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि माझी हत्यारांची पेटीपण ने. तुझ्याकडे कामी येईल. मला आता तिचा काही उपयोग नाही."

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. गाडीचं तिला काही नव्हतं, भाऊ ती दोन दिवसांत नीट करून देईल. पण पेटी दारातून बाहेर गेली की मागे जो माणूस उरेल, त्याच्याबरोबर आयुष्य काढायचं म्हणजे काय, हे तिला लख्ख दिसलं. तिने ओल्याच हाताने मनगटावरचं घड्याळ चाचपलं. लग्नानंतर त्यानेच दिलेलं, चावीचं. ते दुकान मिटायच्या सुमारास बंद पडलं होतं आणि ती ते तसंच घालून फिरत होती. वेळ विचारायची ती धुलाईखान्यातल्या बायकांना. बंद पडलंय म्हणून सांगितलं असतं तर त्याने ते उघडलं असतं. आणि उघडून चाललं नसतं तर? या एका प्रश्नापायी तिने मूग गिळले होते.

आता दुपार कलत आली होती. घरचे कपडे तिने धुऊन, पिळून बादलीत भरले. दोरी बाहेर अंगणात, आणि वाटेत गाडी. "जरा सरकता का?" तिने विचारलं. त्याने मान हलवली, पण हलला नाही. त्याचं शेवटचं तपासणं चाललं होतं. मेहुण्यासमोर तरी हसं व्हायला नको, एवढ्यासाठी.

कसं तपासतात ते इतक्या दिवसांत तिलाही पाठ झालं होतं. आधी चेन ताणून धरणारा खटका काढायचा. मग खालची मोठी चकती हाताने फिरवायची, तिच्यावर एक रेघ असते ती खुणेसमोर आणायची. त्याच वेळी वर, इंजिनाच्या डोक्यात, छोट्या दातेरी चाकावरचं टिंब आपल्या खुणेसमोर आलं पाहिजे. दोन्ही एकदम आली की टायमिंग जमलं. शेवटी खटका बसवायचा आणि झाकण लावायचं. त्याने चकती फिरवली, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अगदी हळू. रेघ जुळली. टिंबही जुळलं. नेहमीसारखंच. त्याने चकतीवरचा हात काढला आणि भिंतीला डोकं टेकलं.

तो सगळंच त्या दिशेने फिरवायचा. घड्याळाचा काटा मागे फिरवायचा नाही, हे त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि ते त्याच्या हाडात भिनलं होतं. घरातलं भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलं तर तो काटा मागे घेत नसे. लंबक थांबवायचा आणि खरी वेळ तिथपर्यंत येईस्तोवर खुर्ची टाकून वाट बघत बसायचा. चहातली साखरसुद्धा तो त्याच दिशेने ढवळायचा. यावरून तिने त्याची जन्मभर थट्टा केली होती.

आज मात्र तिला थट्टा सुचत नव्हती. बादली जड होती, कंबर भरून आली होती, आणि गाडीवरून पाय टाकून पलीकडे जाण्याचं बळ तिच्यात नव्हतं. तिने बादली खाली ठेवली, हँडल धरलं आणि गाडी दाराकडे ढकलली. दाराकडच्या उतारावर घसरू नये म्हणून त्याने ती गिअरमध्ये ठेवली होती. पण प्लग काढलेला, त्यामुळे फार अडली नाही. मागचं चाक फिरलं, त्याबरोबर इंजिनही फिरलं.

"अगं, हात नको लावू," तो म्हणाला, आणि त्याची नजर चकतीवर अडकली.

चकती फिरत होती, पण उलटी. रेघ त्याच्या डोळ्यांसमोरून डावीकडे निघून गेली.

"थोडं मागे घे," तो म्हणाला. "आता पुन्हा ढकल. अगदी हळू." तिने ढकललं. तो टॉर्च घेऊन गुडघ्यांवर उभा राहिला. रेघ खुणेसमोर आली तसा त्याने हात वर केला आणि ती थांबली. त्याने टॉर्च वरच्या चाकावर धरला. टिंब खुणेवर नव्हतं, एक दाता मागे होतं.

त्याने आपल्या पद्धतीने चकती फिरवून पाहिली. जुळलं. तिला पुन्हा ढकलायला सांगितलं. एक दाता मागे. खटका काढल्यामुळे चेन सैल होती, आणि जिकडे फिरवावं तिकडून ती ताणली जाऊन ढिलाई दुसऱ्या बाजूला जात होती. म्हणजे त्याच्या पद्धतीने फिरवताना दर वेळी जे बरोबर दिसत होतं, ते गाडी रस्त्यावर धावताना चूक होतं.

"हे उलटं फिरतं," तो पुटपुटला.

"उलटं कुठे," ती हँडलवर रेलून म्हणाली. "गाडी पुढे जाते तेव्हा ते असंच फिरतं. तेच त्याचं सुलटं."

त्याने दोन्ही हात समोर धरले, तेलाने माखलेले, आणि उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे हात चुकला नव्हता," तो म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले. तिला रडू आलं, पण दोघांनी एकदम रडायला बोळात जागा नव्हती, म्हणून तिने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "मग आता काय करू? ढकलू?"

मग दोघांनी मिळून ते काम केलं. ती तसूतसूने ढकलायची, तो "बस" म्हणायचा. रेघ खुणेवर आली. त्याने वरचं चाक सोडवून एक दाता पुढे घेऊन बसवलं. बसवताना त्याची बोटं अजिबात थरथरली नाहीत, हे तिने पाहिलं आणि त्यानेही पाहिलं. खटका बसवल्यावर त्याने तिला पुन्हा ढकलायला लावलं, आणि मग स्वतःच चकतीवर तळवा ठेवून ती काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवून पाहिली. असं तोंड केलं होतं, जणू कडू औषध घेतोय. दोन्ही खुणा जुळल्या. झाकण लावून, प्लग बसवून किक मारली, तर दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. ना खोकला, ना झटका. काकू गॅलरीत आल्या, त्यांनी ऐकलं आणि काही न विचारता आत गेल्या.

भाऊ टेम्पो घेऊन आला तेव्हा नवरा गल्लीचा चढ चढून, वरून वळून परत येत होता. भावाने आवाज ऐकूनच मान डोलावली. मग दाराशी ठेवलेल्या पेटीकडे बघून चाचरत म्हणाला, "दाजी, पेटीचं काय करायचं?"

नवरा गाडीवरून उतरला. पेटीपर्यंत गेला, पण तिला हात लावला नाही. गाडीचं जमलं, पण गाडी म्हणजे घड्याळ नव्हे, हे त्याच्या मनात चाललंय, हे तिला कळलं. मास्तर अजून त्याच्या डोक्यातून गेले नव्हते.

तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि पेटीच्या झाकणावर ठेवलं.

"हे बंद पडलंय," ती म्हणाली.

त्याने ते उचलून कानाला लावलं, चावी दोन बोटांत धरून जरा फिरवून पाहिली. "कधीपासून?"

"दुकान मिटलं तेव्हापासून."

इतके दिवस रोज बंद घड्याळ बांधून ती कामावर जात होती, आणि का जात होती, ते त्याला विचारावं लागलं नाही. भाऊ उगाच टेम्पोच्या चाकाकडे बघत उभा राहिला. नवऱ्याने घड्याळ शर्टाच्या खिशात ठेवलं, वाकून पेटी उचलली आणि ती आत नेऊन खिडकीखाली, उजेडाशी ठेवली.

"आज नको," तो बाहेर येत म्हणाला. "आज फार दमलोय. उद्या उघडतो."

तिने बादली उचलली आणि कपडे वाळत घालायला गेली.