गिटारखाली दबलेलं गाणं

मी एक जुनी ध्वनिमुद्रिका आहे, मित्रांनो. काळीभोर, ताटाएवढी, मधोमध भोक असलेली. एका संध्याकाळी भरगच्च सभागृहात जे गाणं झालं, ते माझ्या अंगावर कोरलेलं आहे.

गाणारी बाई लोकगीतांच्या चालींवर स्वतः गाणी रचायची. त्या दिवशी तिच्या साथीला एक रॉक बँड होता. कार्यक्रम असा रंगला की लोक खुर्च्या सोडून उभे राहिले.

पुढे त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण स्टुडिओत जुळवताना बँडच्या म्होरक्याने गिटारचा आवाज चढवला आणि बाईचा उतरवला. ऐकून तिने विचारलं, "यात मी कुठे आहे?"

"ताई, लोकांना दणका लागतो," तो हसत म्हणाला. "शब्द तुमचेच आहेत की."

माझ्या प्रती हातोहात खपल्या. वाहवा झाली ती बँडची. तिचीच गाणी घेऊन ते गावोगाव फिरले. तिला कुणी बोलावलं नाही. एका लग्नात ती गायली, तर एक पाहुणा म्हणाला, "त्या बँडची गाणी छान म्हणता हो तुम्ही." त्यानंतर ती गायली नाही.

त्यातलीच एक प्रत असलेली मी तिच्याच घरी होते. तिने मला कधी वाजवलं नाही. माझं कव्हर हरवलं. कपाटात इस्त्रीखाली पडून राहिले. इस्त्री ओढली की अंगावर नवा चरा.

"ही अडगळ टाकू का?" नवरा विचारायचा.

"राहू दे," एवढंच ती म्हणायची.

मग घशाच्या दुखण्यात तिचा आवाज कायमचा गेला. तेव्हा कुठे मुलीला माझी आठवण झाली. तिने रेकॉर्ड प्लेअर मागून आणला, मला पुसलं, आईला शेजारी बसवलं. लहानपणी तीही त्या सभागृहात होती. एका गाण्यात गिटारची तार तुटली, बँड थांबला आणि आई एकटीच गायली, हे तिच्या लक्षात होतं. ती त्याचीच वाट पाहत होती.

ती जागा आली. एक ओळ स्वच्छ, मोकळी ऐकू आली आणि सुई चऱ्यात अडकली. तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा. शेवटी आईनेच सुई उचलली.

"पुढे काय होतं, आई?"

आईचे ओठ हलले. मुलीला काहीच ऐकू आलं नाही.

मित्रांनो, आम्हाला कव्हरात ठेवा, उभं ठेवा, अंगावर ओझं टाकू नका. आणि घरात कुणी गात असेल, तर गातेय तोवरच ऐका. मागाहून माझ्याकडे येऊ नका. माझ्याकडे गिटारच जास्त आहे.