लंडनच्या विमानावर सही

मी चैनलाल पटले, सौंदडजवळचा धानवाला मानूस. डोकं गरम हाये, हे आधीच सांगतो. आन खोटं बोललो, हेही सांगतो. तीन वर्षं गावभर सांगत सुटलो का माही पोरगी रिंकी पायलट हाये.

ती पायलट नाही. मुंबईले विमान कंपनीत जमिनीवर बसून काम करते. विमान कोनत्या वाटेनं जाईल, किती तास लागतील, किती तेल घ्यायचं, ते ठरवते. हे लोकायले समजावता समजावता माहं डोकं उठे. पायलट म्हटलं का एका शब्दात काम भागे.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईले, म्हंजे गावच्या जत्रेले, ती गावात आली, आन मंडळानं तिचा सत्कार ठेवला. दुपारी स्टेजवर बॅनर लागला: 'आपल्या गावची पायलट'. तो वाचून तिनं मले बाजूले घेतलं.

"बाबा, माह्या खऱ्या कामाची तुमाले लाज वाटते का?"

पोरीचे डोळे भरले होते. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. अरे, लाज कायची! मी तडक स्टेजवर चढलो आन मंडळाचा अध्यक्ष मनिराम, त्याच्या हातातला माइक हिसकला.

"ऐका! माही पोरगी पायलट नाही. मी फेकत होतो."

खालून गुणवंता हासला. माहा शेजारी, त्याले संधीच पायजे. "मंग का करते, तिकिटा फाडते?"

"गप रे! मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. जाताना साडेनऊ तास, येताना साडेआठ. सांग, काऊन?"

"वाट तेवढीच न? कायले गप्पा मारून राहिला!"

"समोरून वारा असला त तुले सायकलनं सौंदड गाठाले किती वेळ लागते? वर त्याहून जबरी वारा असते. तो कुठं किती हाये, हे माही पोरगी पाहते, मंग तास आन तेल मांडते. चुकली त अडीचशे मानसं अधांतरी! तिची सही झाल्याबिगर पायलटही चाक हलवत नाही, समजलं?"

तीन वर्षं फोनवर तिनं सांगितलेलं सारं भडाभडा निघून राहिलं होतं. एवढं याद हाये, हे मलेच माहीत नव्हतं. गुणवंता गपकन खाली बसला.

रिंकी वर आली, माइक घेतला. आता चारचौघात झापते, असं वाटलं.

"सहीसंगं पूर्ण नाव लिहावं लागते," ती म्हनली. "रिंकी चैनलाल पटले. बाबा कधी विमानात बसले नाहीत. पन माही ड्युटी असली का त्यायचं नाव लंडनले जाते."

टाळ्या वाजल्या असतील, मले ऐकू आल्या नाहीत. अख्ख्या मंडईसमोर मी ढसाढसा रडलो, आन मनिरामच्या दुपट्ट्यानं नाक पुसलं.