चंद्रीनं खाल्लेल्या झावळ्या

उंब्रजच्या मातीत काडीसुद्धा लावायची नाही, अशी आईनं जणू शपथच घेतली होती. बाबा इथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. मिरजेहून बदली होऊन वर्ष झालं, तरी तिकडून आणलेला गवती चहा अजून डालड्याच्या डब्यातच.

"परत जायचंय, मग कशाला मुळं धरू द्यायची?" असं ती म्हणायची. चहाबद्दलच म्हणायची, पण बाबा आणि मी समजायचं ते समजत होतो.

मला मात्र परत जायचं नव्हतं. मिरजेत मी म्हणजे थोरल्या दोघींची धाकटी, मागच्या बाकावरची. इथं आल्या आल्या गॅदरिंगमध्ये असं भाषण ठोकलं, की हेडमास्तर म्हणाले, "पोरगी खणखणीत हाय." खणखणीत म्हणजे खणखणीत! आता पुन्हा बद्द कशी वाजू?

ईस्टर झाला की बाबांनी डॉक्टरसाहेबांना सांगायचं होतं, मिरज की उंब्रज. आणि आई म्हणेल तेच बाबा सांगणार, हे आमच्या घरातल्या मांजरीलाही ठाऊक होतं.

म्हणून मी सरळ विचारलं, "आई, इथं काय कमी आहे गं? नदीसुद्धा तीच. इथून वाहते ती मिरजेलाच जाते."

"नदी वाहत जाते, आपण अडकून पडलोय," आई म्हणाली. "ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिरजेत रस्ता भरून मंडळी निघायची, प्रभूच्या स्वागताला हातात झावळ्या घेऊन. इथं आपली ख्रिस्ती अशी चार घरं, तीही सगळी परगावची. चार घरांची कसली मिरवणूक?"

झालं! तेवढंच कमी असेल तर ते मी करणार होते. कराडच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बाबांकरवी बोलावणं धाडलं. झावळ्यांसाठी धाकट्या नदीच्या, तारळीच्या काठची शिंदीची झाडं हेरून ठेवली. पण शनिवारी विळा घेऊन जाते तर काय, झाडं बोडकी! सगळा पाला केरसुण्या करायला गेलेला.

रडकुंडीला येऊन परतत होते, तर शेजारच्या बनुमावशींच्या अंगणात वाड्याचा ढीग दिसला. वाडं म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला. लांब, हिरवागार, टोकदार. लांबून पाहिलं तर झावळीच की!

"मावशी, थोडं वाडं देता?"

"म्हस घेतली का काय गं?"

"न्हाई ओ, देवाच्या कामाला पायजे."

"आगं बया! तुमचा देव वाडं खातो व्हय?"

"खात न्हाई. त्याच्या वाटेवर हलवायचं."

"हलव बाई. लय पडलंय."

त्या पुढंही काहीतरी सांगत होत्या. मी ऐकायला थांबले कुठं!

रविवारी सकाळी विहिरीपासून निघालो. पुढं पाळकसाहेब, पांढरा झगा, काखेत पवित्र शास्त्र. मागं आम्ही चार घरं. सगळ्यांच्या हातात वाडं. आईनं ते उलटसुलट करून पाहिलं. मी जयघोष केला, "होसान्ना!"

तेवढ्यात समोरून गावच्या म्हशी नदीला निघालेल्या.

उंब्रजच्या शेंबड्या पोरालाही कळतं, की वाडं हातात धरून हलवणं म्हणजे म्हशीला जेवायला हाक मारणं. कळत नव्हतं ते फक्त आम्हा परगावच्यांना. बनुमावशींची चंद्री आघाडीवर. तिनं नाक वर केलं आणि थेट पाळकसाहेबांच्या हातातलंच धरलं. साहेब सोडेनात, चंद्री सोडेना.

"आवं सोडा, साहेब!" पारावर बसलेल्यांतला कोंडीबा ओरडला. "ती जिकतीया!"

साहेबांनी सोडलं. मग तिच्या मागच्यांनी आमच्याकडं मोर्चा वळवला. कुणी पळालं, कुणी वाडं फेकलं. बाबांनी तर माझ्या डोळ्यांदेखत त्यांचं वाडं एका रेडकाला अदबीनं भरवलं. पारावर नुसता हशा.

बनुमावशी धावत आल्या. "काल सांगत हुते, म्हशींच्या वाटंला जाऊ नगा! साहेब, लागलं न्हाई न्हवं? तुमच्या देवाला म्हस चालती का?"

"तो गाढवावर बसून आला होता, बाई," साहेब झगा झटकत म्हणाले.

"मग म्हस बरीच की! दूध तरी देती."

मी आईकडं पाहिलं. तोंडात पदराचा बोळा, खांदे हलताहेत. संपलं, म्हटलं. बांधा गाठोडी. गुन्हेगारासारखी जवळ गेले, तर पदर सुटला आणि आई हसली. अशी हसली, की तिला कट्ट्यावर बसावं लागलं. मावशी तिला धरायला गेल्या आणि त्याही खाली बसल्या.

उपासना आमच्या ओसरीवर झाली. अंगणाच्या कडेला बनुमावशी, कोंडीबा आणि आणखी कितीतरी जण उभे. मंडळी चार घरांची राहिलीच नव्हती. कुंपणापलीकडं चंद्री रवंथ करत होती. प्रार्थनेत साहेबांनी "आणि सर्व सजीव प्राण्यांना" म्हणताना एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं, हे मी पाहिलं. म्हणजे माझेही डोळे उघडे होते.

सगळे उठले, तशी आईनं खिडकीतला डालड्याचा डबा उचलला.

"बनुबाई, माझ्या सगळ्या झावळ्या तुमच्या म्हशीनं खाल्ल्या. आता मला पाटीभर शेणखत पाहिजे."

"घ्या की. पर कशाला वो?"

"गवती चहा लावायचाय. न्हाणीच्या पाण्यावर चांगला फोफावेल."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मोठ्यांदा म्हटलं, "होसान्ना!"

आणि चंद्रीनं कान टवकारून मान वळवली.