दोन कुलपं, एक पाळी

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. आता पोटात गंज आहे आणि बोलण्यात थोडी कुरकुर. तेवढी सांभाळून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आमच्या गावानं पाण्याची सोसायटी काढली. एकच विहीर, एकच डिझेल इंजिन. मला परंड्याच्या बाजारातून आणून विहिरीच्या फाटकावर अडकवलं. रीत ठरली: ज्याच्या हातात किल्ली, त्याची पाळी. काय रुबाब होता माझा! पण एकाचं भिजवणं चाललं की बाकीच्यांना आत पाऊल टाकता येईना. कुणाला नुसतं डोकावून पाणी किती उरलंय ते बघायचं असे, तरी तो बाहेर ताटकळे. बघण्यानं का पाणी कमी होतं? लोक शिव्या मला घालायचे. लई वाईट वाटायचं.

मग सोसायटीचे चेअरमन आबाराव यांनी फाटक उघडं ठेवलं. बघणाऱ्यानं खुशाल बघावं. मला इंजिनच्या खोलीला लावलं आणि शेताकडे पाणी सोडायच्या चाकाला माझा धाकटा भाऊ आला. सगळ्यांनी वाहवा केली. कुलपं दोन झाली, रीत मात्र जुनीच राहिली.

पुढे पुन्हा पाऊस रुसला. एका सकाळी गुरुलिंगनं सोसायटीतल्या खुंटीवरून माझी किल्ली घेतली; त्याचा कांदा सुकत होता. तेवढ्यात द्वारकाबाईनं धाकट्याची किल्ली उचलली. तिच्या वाफ्यात मिरचीची रोपं होती. त्यांना आज पाणी मिळालं नाही, तर तिचं वर्षाचं पीक बुडालंच.

"वहिनी, ती किल्ली द्या. पाळी माझी हाय," गुरुलिंग म्हणाला.

"आन् माझ्या हातात काय हाय, भावजी? तुमचीच द्या की."

"आधी तुमी."

"न्हाय, आधी तुमी!"

रीतीप्रमाणं दोघांचंही खरं होतं, म्हणून कुणी हटेना. तो माझ्यापाशी बसला, ती चाकापाशी. ऊन चढलं. विहिरीत पाणी, टाकीत डिझेल, आणि पाटात थेंब नाही! माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण कुलपाचं कोण ऐकतो?

शेवटी द्वारकाबाई वाफ्यावर जाऊन आली. डोळे भरले होते. तिनं किल्ली गुरुलिंगच्या हातावर ठेवली. "घ्या भावजी. तुमचं तरी वाचू द्या."

गुरुलिंग मान खाली घालून उठला. इंजिन धडधडलं, आणि त्यानं पाणी सोडलं ते तिच्या वाफ्याकडं. निम्मी रोपं तरारली. निम्मी गेली ती गेलीच.

त्याच दिवशी आबारावांनी सगळ्यांना बोलावून रीत बदलली. "आधी इंजिनची किल्ली. ती हातात असल्याबिगर दुसरीला कुनी शिवायचं न्हाय. काम झालं की दोन्ही खुंटीला." व्हय, एवढंच! पुन्हा तसं अडलं नाही.

मित्रांनो, मला तेल घालायला विसरलात तरी मी रुसणार नाही. पण सगळ्यांच्या वस्तूला कुलूप लावाल, तेव्हा कोणती किल्ली आधी घ्यायची तेही त्याच बैठकीत ठरवा. द्वारकाबाईची रोपं वाळली, तेव्हा विहिरीत पाणी होतं.