तवनाप्पांनी ठेवलेली सूट

“काका, सरळ सांगा. पासवर्ड गुप्त होता का नव्हता?”

सायबर पोलिसांच्या खोलीत उपनिरीक्षक निशा कांबळे कीबोर्डवर बोटं ठेवून थांबल्या होत्या. समोर शाहूपुरीतले साड्यांचे व्यापारी तवनाप्पा मगदूम आणि त्यांची लेक दीपा. तवनाप्पा टेबलावरच्या पेपरवेटकडे असे बघत होते, जणू उत्तर त्याच्याच पोटात आहे.

तवनाप्पांच्या पत्नी विजयमालाबाई मोबाइलवरच्या आपल्या चॅनेलवर कांदा-लसूण न घालता मिसळ करायला शिकवायच्या. कोल्हापुरात राहून हे करायला छाती लागते. प्रत्येक व्हिडिओत मध्येच त्या ओरडायच्या, “अहो, तो पंखा बंद करा!” आणि शेवटी तवनाप्पा पुढं येऊन, एक घास खाऊन, “फस्टक्लास” म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. मग परदेशातून कुणीतरी त्या चॅनेलमध्ये घुसलं, सगळे व्हिडिओ गायब केले, आणि आता तिथं एक गोरा गृहस्थ केस उगवायचं तेल विकतो. तवनाप्पांच्या डोक्यावर नावाला केस नाही, तरी ते रोज बघतात. चुकून मध्येच पंख्यासाठीची ती ओरड ऐकू येईल म्हणून. बाईंचा आवाज दुसरीकडं कुठंच राहिलेला नव्हता.

घुसणारा सापडला होता. त्याच्या देशानं मनावर घेतलं, तर व्हिडिओ परत मिळण्यासारखे होते.

“तो देश सायबर गुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे,” निशाताईंनी पुन्हा समजावलं. “पण सामील होताना त्यांनी एक निवेदन जोडलंय. कुलूप तोडून कुणी आत शिरला तरच आम्ही गुन्हा मानू. उघड्या दारातनं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या पासवर्डनं शिरला, तर नाही.”

“म्हंजे करार केला, पर सूट ठिवून?”

“तसंच.”

तवनाप्पांना त्या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. जैन बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, हेच तर चालतं. मागं एका चातुर्मासात त्यांनीही मुनिमहाराजांपुढं हात जोडून खोटं न बोलण्याचा नियम घेतला होता, आणि घेतानाच सूट मागून ठेवली होती: दुकानाची वेळ आणि बायकोचा स्वयंपाक. महाराज हसले नाहीत. संसार सोडलेल्या माणसालाही संसार कळतो.

दीपा वाकून कुजबुजली, “अण्णा, गुप्त हुता म्हणा. तेवढंच.”

“गुप्त? निम्म्या बस्तीला पाठ हुता! तुझ्या आईचं डोळं अधू झाल्यावर व्हिडिओ चढवायला जी बाई यील तिला सांगायची. भाजीवालीला सांगताना मी ऐकलंय.”

निशाताईंनी कीबोर्डवरून बोटं उचलली. “काका, हे मी अजून ऐकलेलं नाही. पाणी पिऊन येते.”

त्या बाहेर जाताच दीपा सरसावली. “नियम आडवा येतोय व्हय तुमचा? अहो, स्वयंपाकाची सूट हाय की तुमाला. चॅनेल कशाचं हुतं? स्वयंपाकाचंच न्हवं?”

तवनाप्पा चमकले. ही पोरगी वकील न होता शाळेत गणित शिकवते, ही समाजाची हानी होती. सूट तंतोतंत लागू पडत होती. एवढंसं खोटं बोललं की विजयमाला परत घरात ओरडायला लागली असती.

“मला आईचा आवाज पायजे,” दीपा म्हणाली. आता ती वकिली करत नव्हती.

“मला नको हाय व्हय गं?”

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, “दीपे, ती सूट तिला वाईट वाटू नये म्हणून घेतलेली. आता कुणाला वाईट वाटायचंय? संपली ती. आन् तिनं आयुष्यात काय लपवून ठिवलं? इचारंल त्याला द्यायची. आता मीच सांगू, कुलूप घालून बसली हुती म्हणून? आवाज परत यील गं, पर बाई दुसरीच यील.”

दीपानं तोंड फिरवलं.

निशाताई आल्या. तवनाप्पांनी होतं ते सांगितलं, त्यांनी टाइप केलं. आता फारसं काही होणार नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग रीतीप्रमाणे जबाब वाचून दाखवला. “...माझी पत्नी विजयमाला हिने सदर पासवर्ड कधीही कोणापासून लपवून ठेवला नव्हता. मागेल त्यास ती देत असे.”

“परत वाचा की, मॅडम.”

“काही चुकलं का?”

“न्हाई. बरोबर हाय म्हणून.”

निशाताईंनी परत वाचलं, या वेळी जरा सावकाश. खिडकीकडं तोंड करून बसलेली दीपाही ऐकत होती.