दुसरी नळी

"पानी दे गो हिरे. अजून एक लोटा दे."

आईचा तो आवाज तीस वर्षं जुना, तरी सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवला की हिराच्या कानात तो उठून बसायचाच. माहेरी, नवापूरच्या घरात, आई लोट्यामागून लोटा रिचवत वाळत गेली. कशाने गेली ते कुणालाच कळलं नाही.

हिराने काचेच्या नळीत निळं औषध मोजून घेतलं, नवऱ्याच्या लघवीचे आठ थेंब त्यात सोडले आणि चिमट्यात धरून नळी ज्योतीवर तिरकी केली. दोन मिनिटं उकळा, निळं राहिलं तर लघवीत साखर नाही, लालीकडे जाईल तितकी साखर जास्त, असं पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात घड्याळ नव्हतं. हिरा एक ओवी दहादा म्हणायची. डॉक्टरांनी एकदा मनगटावरच्या घड्याळाशी ती ताडून पाहिली होती आणि हसून मान डोलावली होती.

"दर्याच्या पान्याला गं, घालते मी आण,
माज्या गं तांडेलाचं, राख पंचप्राण..."

ओटीवर नामदेव पाय पसरून बसला होता. दोन वर्षांमागे सातपाटीच्या खाडीतून तो होडी काढायचा तेव्हा बाकीच्या होड्यांचे तांडेल त्याच्याकडे बघून आपली होडी काढत. आता होडी मुलाने, महादूने, घेतली होती.

"काय रंग?"

"हिरवट. काल निला होता."

"निल्या पान्यात काय घावतंय? जालं रिकामंच येतं. पानी लाल गढूल दिसलं म्हंजे समज, मासली आली."

"तुमच्या पोटात नको मासली. दंड करा पुढं."

त्याने दंड पुढे केला आणि रोजच्यासारखी मान वळवली. पहिल्या दिवशी इन्सुलिनची सुई टोचून घेताना तो म्हणाला होता, "हे तू करतेस तवर मी घेईन. तुज्यावर भार झाला असं दिसलं, की सुई बंद. सांगून ठेवतो." नामदेव तांडेल बोलला की बोलला. भरतीसुद्धा त्याचा शब्द ऐकते, असं बंदरावर म्हणत.

टोचून झाल्यावर सुई पुन्हा उकळायला ठेवून हिरा आत चुलीपाशी गेली. नळी धुतली. पुन्हा निळं औषध, पुन्हा आठ थेंब. हे थेंब तिचे होते.

चार महिन्यांपूर्वी मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजारात जाताना वाटेत तीनदा तिने लोकांच्या दारात पाणी मागितलं. तिसऱ्या दारातली बाई म्हणाली, "काय गो, दर्या आटला काय तुमचा?" हिरा हसली. दुसऱ्या सकाळी तिने नळी लावून पाहिली. तेव्हापासून रोज. उद्या तरी रंग ऐकेल, या आशेने.

"अजून काय गुणगुणतेस गो?" बाहेरून नामदेव म्हणाला. "नली झाली ना?"

"तोंडाला सवय पडलीय."

नळीतलं निळं हिरवं झालं, पिवळं झालं, आणि पिवळ्यावर थांबेना. तिने नळी राखेत पालथी केली.

त्या दिवशी दोघांना पालघरला जायचं होतं. डॉक्टरांनी नामदेवच्या पावलांची बोटं एकेक उलगडून पाहिली, पंधरा दिवसांचे रंग विचारले. हिराने ते घडाघडा सांगितले.

"छान. तांडेल, अशी बायको मिळाली म्हणून निभावलं तुमचं." डॉक्टरांनी निळ्या औषधाची रिकामी बाटली उजेडात धरली. "पण हिराबाई, ही दोन महिने पुरायची. महिन्यातच संपली?"

"सांडली."

"मागचीही सांडली होती."

"आताशा हात थरथरतो."

"हिचा हात?" नामदेव म्हणाला. "डॉक्टर, ही रोज मला टोचते. मला कलत पन नाय कवा टोचली ते. थरथरत नाय हिचा हात."

हिराने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ही दोन नल्या तापवते," नामदेव म्हणाला. "चार म्हयने झाले."

"तुमाला ठावं होतं?"

"घरात बसून दुसरं काय करतो मी? तू सांगशील म्हणून गप होतो." त्याने पाय चपलेत सरकवला, तो नीट बसेना. "सुई बंद करीन म्हणलो होतो. नाय करनार. तू म्हणशील तवर घेईन. आता बोल."

डॉक्टरांनी बाटली टेबलावर ठेवली.

हिराला वाटलं, उठावं आणि बाजार गाठावा. पण पाय उचलेनात. किती दिवस ते असेच जड होते.

"दुसरी माजी," ती म्हणाली. "रोज विटेसारखी लाल होते."