मास्तरांची बेडकी आणि दातांचे डॉक्टर

मित्रांनो, आधी एक कबूल करा. जुन्या गाडीचं सगळंच खरं मानायचं नसतं, पण "काहीतरीच हं!" असं म्हणून तिला मध्येच थांबवायचंही नसतं. आहे कबूल? मग ऐका.

मी एक जुनी मोटारगाडी आहे. गोल पाठीची, गोल डोळ्यांची, हिरव्या रंगाची. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा इतकी चकचकीत होते की लोक माझ्यात बघून भांग पाडायचे. एक गृहस्थ तर माझ्या दारासमोर स्टूल टाकून दाढीलाच बसले होते. त्यांना उठवलं, तोंड पुसायला लावलं आणि मग मला विकायला नेलं.

मला घेतलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते माणसांना गाडी चालवायला शिकवायचे. त्यांनी शेजारच्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवून घेतला. म्हणजे शिकणारा घाबरून डोळे मिटून बसला, तरी शेजारून मास्तर गाडी थांबवणार. टपावर पाटी लावली आणि आमची शाळा सुरू झाली.

काय एकेक नमुने यायचे! एक केशकर्तनवाला होता. तो चौकातल्या गोल बागेभोवती फिरायला लागला आणि बाहेर कुठून पडायचं तेच त्याला सुचेना. सकाळभर आम्ही गोल गोल फिरत होतो. शेवटी त्याच्या बायकोनं जेवणाचा डबा चालत्या गाडीत खिडकीतून आत दिला आणि पुढच्या फेरीला रिकामा डबा परत घेतला. एका बाईंनी तर असा ब्रेक मारला की टपावर झोपलेलं मांजर उडालं, ते समोरच्या कापडदुकानाच्या गादीवर जाऊन बसलं. अजून तिथंच आहे म्हणतात. आता भाव सांगतं.

आणि सगळ्यांना कठीण जायचा तो क्लच. क्लच म्हणजे पायाखालचं एक पेडल. ते हळूहळू सोडायचं असतं. एकदम सोडलं की गाडी टुणकन उडी मारते आणि बंद पडते. रोज नवा माणूस, रोज नव्या उड्या. त्यावरूनच माझं नाव पडलं बेडकी.

मास्तरांचा आवाज मात्र ऐकण्यासारखा होता. एरवी माणूस सज्जन, शेजाऱ्याच्या लहान मुलालाही "अहो, या" म्हणणारा. पण गाडीत बसले की समोर न्यायाधीश असो नाहीतर फौजदार, सगळे "तू"! "अरे तू रस्ता बघ, मला काय बघतोस? मी काय सिग्नल आहे?" असं ओरडायचे आणि खाली उतरले की पुन्हा हात जोडून, "बराय, उद्या या हं." लोक म्हणायचे, मास्तरांचा ओरडा खाल्ला की जन्मात अपघात होत नाही.

पण दिवस काय तसेच राहतात थोडेच? नव्या, मऊ मऊ गाड्या आल्या. नव्या शाळा निघाल्या. मास्तर थकले, मीही थकले. पाटी खाली उतरली. मला एका पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं. टायर बसले, रंगाला पोपडे धरायला लागले, आणि उंदरांनी माझ्या मागच्या सीटमध्ये असा संसार थाटला की काही विचारू नका. त्यांच्या लग्नांच्या गडबडीत मला झोप म्हणून मिळायची नाही.

मग एका सकाळी मास्तरांचा एक हात आणि एक पाय लुळा पडला. इस्पितळातून त्यांना लेकीनं आपल्या घरी आणलं, वरच्या मजल्यावर खिडकीजवळ खुर्ची दिली. मलाही दोरी बांधून, ओढत, खालच्या अंगणातल्या शेडमध्ये आणलं. मास्तरांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पाय वापरलात तर परत येईल. बसून राहिलात तर तोही बसून राहील." तर मास्तरांनी काय करावं? खुर्ची फिरवून घेतली, खिडकीकडे पाठ केली आणि बसून राहिले. बोलणंही टाकलं. काहीही विचारा, उत्तर एकच, "हं."

त्यांची लेक ग्रंथालयात काम करते. सगळं घर तिनं पुस्तकांसारखं लावलेलं. जावई दातांचे डॉक्टर. एके दिवशी अंगणात उभी राहून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाबा माझ्यासाठी उठत नाहीत, तुमच्यासाठी उठत नाहीत. बेडकीसाठी उठतील का हो?"

डॉक्टरांनी ताडपत्री उचलली. एक उंदीर त्यांच्याकडे बघून परत झोपला.

"मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

"दातांतलंही कळत नव्हतंच की आधी. शिकलात ना?"

झालं! त्या दिवसापासून दर सुट्टीला डॉक्टर शेडमध्ये. पहिल्यांदा माझं बॉनेट उघडताना सवयीनं म्हणाले, "हं, आ करा." मी केला. काय करणार? मग त्यांनी दातांचा तो छोटा गोल आरसा माझ्या पोटात घातला आणि च् च् च् करत म्हणाले, "बरीच कीड आहे." गंज घासताना हळूच थोपटायचे, "दुखणार नाही हं." मित्रांनो, दुखायचं! पण इतकं गोड कुणी बोललं की ओरडायला लाज वाटते.

टाकीतला गाळ काढला. उंदरांना मानानं निरोप दिला. अडकून बसलेलं इंजिन सोडवायला त्याचं डोकं, म्हणजे वरचं जड झाकण, उचललं. त्या झाकणाचे बोल्ट कुठं आखूड, कुठं लांब, प्रत्येकाची जागा ठरलेली. डॉक्टरांनी काय केलं, दवाखान्यातून चूळ भरायचे कागदी पेले आणले, एकेका पेल्यात एकेक बोल्ट टाकला आणि फळीवर अगदी इंजिनातल्या जागेप्रमाणे मांडून ठेवला. फळी म्हणजे इंजिनाचा नकाशाच. फक्त तो नकाशा आहे हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही.

एका रविवारी ते बाहेरून आले, तर लेक शेडच्या दारात कमरेला पदर खोचून हसत उभी.

"डोळे मिटा. आता उघडा! बघा, किती छान लावलंय मी. सगळे बोल्ट घासूनपुसून, उंचीप्रमाणे. बुटके डावीकडे, उंच उजवीकडे. आणि ते उष्टे पेले टाकून दिले."

डॉक्टर तिथंच माझ्या काढून ठेवलेल्या टायरवर बसले.

"अगं, काय केलंस हे!"

"आवरलं. नुसता पसारा होता."

"तो पसारा नव्हता गं बाई. कुठला बोल्ट कुठल्या भोकातला, ते त्यावरून कळत होतं!"

"मग चिठ्ठ्या नको लावायला? आमच्याकडे पुस्तकावर नंबर नसेल तर..."

"हे तुमचं ग्रंथालय नाही!"

"हो, दिसतंच आहे ते. ग्रंथालयात निदान कुणी ओरडत नाही."

मला तर घामच फुटला, म्हणजे तेल गळायला लागलं. कारण उथळ भोकात लांब बोल्ट पिळला तर तळ फुटतो. खोल भोकात आखूड घातला तर पकडच येत नाही. एक जरी चुकला तरी माझं इंजिन कायमचं गेलं असतं.

लेक डोळे पुसत वर गेली. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, बेडकीच्या डोक्याचे बोल्ट मिसळले माझ्याकडून. तुम्ही तिला किती वेळा खोललंय. खाली येऊन सांगता का जरा? नाहीतर इथूनच सांगा."

मग "हं"पेक्षा मोठं वाक्य आलं, आणि ते आलं नसतं तर बरं झालं असतं.

"भंगारात घाला तिला."

"बाबा! असं काय बोलता?"

"मग कसं बोलू? ना तिचा उपयोग, ना माझा. खिडकी लाव. वारं येतंय."

खिडकी लागली. मित्रांनो, माझ्यावर कितीतरी जण आदळले, झाडं आदळली, एकदा तर एक अख्खा बँडवाला त्याच्या ढोलासकट आदळला. पण इतकं कधी लागलं नव्हतं.

लेक खाली आली तर डॉक्टर अजून टायरवरच. पण हातात दवाखान्यातली एक बारीक सळई होती, तिच्यावर रेघा कोरलेल्या.

"हिरडी किती खोल गेलीय ते याच्यानं मोजतात," ते म्हणाले. "भोक ते भोक. हिरडीचं असो नाहीतर इंजिनाचं."

"आणि आतले आटे?"

"कवळीचं माप घ्यायचा गुलाबी लगदा आहे ना! भोकात भरायचा, घट्ट झाला की उपसायचा. आट्यांचा ठसा हातात."

लेकीनं नाक वर ओढलं. "मी ओरडले मघाशी."

"मीही ओरडलो. चल, खोली सांगतो, तू बोल्ट काढ."

आणि काय गंमत बघा! डॉक्टर सळई घालून खोली सांगायचे आणि लेक ग्रंथालयात पुस्तक काढून द्यावं तसा बोल्ट काढून द्यायची. उंचीप्रमाणे लावलेले होते ना, हात घातला की हवा तो मिळायचा! "हा घ्या. नाही, हा जाड आहे, त्याच्या शेजारचा." तोंडभर गुलाबी लगदा घेऊन मी आ वासून पडले होते. पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, जगतो आपण.

शेवटी तो दिवस आला. नवा हिरवा रंग, नव्या वायरी, नवे टायर. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. मी खोकले. पुन्हा फिरवली. मी नळीतून काळं पाणी टाकलं. "थुंका, थुंका, सगळं बाहेर येऊ द्या," डॉक्टर म्हणाले. तिसऱ्यांदा मी अशी गरजले की आमच्या गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांनी तिथल्या तिथं अंडी घातली. कोंबड्यांनीसुद्धा आणि कोंबड्यांच्या नवऱ्यांनीसुद्धा!

लेक टाळ्या वाजवायची थांबली आणि वर बघायला लागली. वरची खिडकी बंद.

"आवाज गेला असेल ना वर?"

"अगं, दोन गल्ल्या पलीकडे गेला असेल."

"मग?"

मी धडधडत उभी. खिडकी तशीच. लेकीचा चेहरा उतरला. "जाऊ द्या. आपण केलं ना तेवढं. बंद करा इंजिन."

डॉक्टरांनी बंद केलं नाही. गियर टाकला, मला अंगणात काढलं आणि नेमकं त्या खिडकीखाली क्लच असा सोडला, असा सोडला की मी टुणकन उडाले आणि बंद पडले. पुन्हा चालू. पुन्हा टुणकन. पुन्हा बंद. आता हा माणूस रोज स्वतःच्या गाडीनं दवाखान्यात जातो बरं का! क्लच कसा सोडायचा हे त्याला कळत नव्हतं असं समजू नका. माझ्या पेडलवरचा पाय मला कळतो. आणि मीही काही मदत केली नाही असं नाही. तिसरी उडी जरा जास्तच उंच होती, ती माझी.

वर खिडकी धाडकन उघडली.

"अरे क्लच! क्लच म्हणजे काय दात आहे का, उपटायला?"

लेकीनं तोंडावर हात ठेवला.

"हळू सोड म्हटलं की समजत नाही? गियरबॉक्स मोडशील तिची! थांब. हलवू नकोस. थांब तिथंच!"

मग जिन्यावर एक पाऊल वाजलं. मग दुसरं, घासत घासत. लेक धावली. आतून आवाज आला, "मला नको धरू. भिंत आहे. तू त्याच्या हातातली किल्ली काढून घे आधी!"

मास्तर दारात आले तेव्हा धापा टाकत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. अंगण ओलांडायला त्यांना इतका वेळ लागला की मला वाटलं, मी पुन्हा गंजते की काय. पण आले. माझ्या टपावर चांगला हात ठेवून उभे राहिले. हात तिथून काढलाच नाही बराच वेळ. मग शेजारच्या सीटवर बसले, लुळा पाय हातानं उचलून आत घेतला आणि जावयाकडे वळले.

"जावईबापू, माफ करा," ते म्हणाले. मग सीट पुढे ओढली. "हं. आता तू. आरसा बघ. कुठं बघतोयस? आरसा!"

त्या दिवशी आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. मास्तर सबंध वाट ओरडत होते. मागच्या सीटवर लेक बसली होती, ती हसत होती की रडत होती ते मला नीटसं कळलं नाही.

आता मास्तर रोज जिना उतरतात. पाय अजून घासतो, पण कमी. लुळा हातही आता उचलायला लागलाय. भिंतीला धरायचं विसरतात कधी कधी, कारण ओरडायला दोन्ही हात लागतात. सध्या लेक शिकतेय. काल तिनं मला कुंपणातून आरपार नेलं. कुंपण कुठं गेलं ते अजून कळलेलं नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना फडकं मारा, तेल घाला, बोल्ट कुणी काढून ठेवले असतील तर न विचारता आवरू नका. हे सगळं तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी मोठं माणूस गप्प होऊन भिंतीकडे बघत बसलं असेल, तर त्याला दिवसभर "कसं वाटतंय, कसं वाटतंय" विचारू नका. त्याला जे काम सगळ्यात छान येतं, ते त्याच्या समोर घेऊन बसा आणि मन लावून वाईट करा. खिळा वाकडा ठोका. सुईत दोरा उलट्या बाजूनं घाला. पेटी बेसूर वाजवा. ओरडा बसेल. पोटभर खाऊन घ्या.